दौलतरावांच्या नावाने सांगितलेली मुंबई

क्षमा मागण्याचा मला दांडगा अनुभव आहे. दरवर्षी भाद्रपदात आम्हा जैनांचे दशलक्षणाचे दहा दिवस होतात, मग क्षमावाणीच्या सकाळी मी मंदिरातून निघतो आणि अनसिंगच्या बाजारात दिसेल त्याला हात जोडतो. "वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा." न्हावी, टपरीवाला, मागच्याच आठवड्यात चादरीच्या रंगावरून माझ्याशी भांडून गेलेला मास्तर, कोणालाच सोडत नाही. दुपारपर्यंत पन्नास-साठ जण उरकतात. आमचा धंदा कापडाचा, त्यामुळे क्षमाही मी ठोकानेच मागतो. कोणाचं नेमकं काय चुकलं हे आठवत बसलो तर दिवस पुरायचा नाही.

यंदा मात्र एकाच माणसाकडे जायचं होतं. चूक चांगली ठाऊक होती, आणि पाय निघत नव्हता.

माझं नाव गुलाबचंद. वय चौसष्ट. दुकान आता मुलगा नमन बघतो आणि मी गादीवर बसून त्याच्या चुका काढतो. माझी बायको प्रेमाबाई जाऊन सात वर्षं झाली. तिच्याशी मी वाईट वागलो नाही, पण नवऱ्याकडून जे मिळायला हवं ते तिला माझ्याकडून पुरतं मिळालं नाही. तिला ते कळत होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्याबद्दल मी तिची क्षमा रोज मागतो, तिथे ठोक चालत नाही.

एकोणीसशे ऐंशी साली वडिलांनी मला मुंबईला कापडबाजारात एका आडत्याकडे कामाला पाठवलं. राहायला जैन बोर्डिंग. नऊ वर्षं राहिलो. लोक मुंबईला जाऊन समुद्र बघतात, नट बघतात. मी तिथे माझ्यासारखे पुरुष बघितले, पुरुषांवर जीव जाणारे. अनसिंगात असताना मला वाटायचं, असा जगात मी एकटाच, देवाच्या हातून कापताना वाकडा गेलेला तागा. मुंबईत पहिल्याच वर्षी कळलं की असे ताग्यांवर तागे आहेत, फक्त ते कुठे मिळतात हे माहीत पाहिजे. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, मी परत आलो, लग्न झालं, आणि हा विषय मी कोणापाशी काढला नाही. अगदी कोणापाशीही नाही.

यंदा श्रावणात तो विषय माझ्या तोंडून निघाला, आणि तोसुद्धा भलत्याच कारणाने. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी कानात ते खुंटे घालून मोबाईल ऐकतो. मी प्रवचनं ऐकतो असा सून जिनलचा समज आहे, आणि निम्म्या वेळा तो खराही असतो. एके दिवशी अंकित नावाच्या मुंबईच्या मुलाचा कार्यक्रम सापडला. आमच्या लोकांच्या जुन्या भेटीच्या जागांचा तो नकाशा करत होता. कुठली बाग, कुठला कठडा, कुठलं थिएटर, कुठल्या साली गजबजलं आणि कुठल्या साली ओस पडलं. दोन-तीन म्हातारे त्यात बोलले होते. आणि चुकीचं बोलले होते! एकाने तर मैदानाचा कोपराच भलत्या बाजूला सांगितला. मला राहवेना. छत्तीस वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस, पण ते उघडलं दुसऱ्याची चूक सुधारायला. माझा स्वभावच तसा.

गोदामात जाऊन गठ्ठ्यांच्या मध्ये बसलो आणि त्याने दिलेल्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास बोललो. मुलगा चांगला, मध्ये मध्ये फक्त "हं, काका" म्हणायचा. मी त्याला समुद्राकाठचा कठडा सांगितला, तिथे संध्याकाळी कोणत्या टोकाला कोण बसायचं ते सांगितलं. कारकून एका बाजूला, गिरणीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या भागात ज्यांना अजून नक्की ठरवता येत नव्हतं ते. स्वतःच्या मनगटावर घड्याळ असून वेळ विचारायची, ही खूण. नाहीतर काडीपेटी मागायची. मी जन्मात बिडी ओढली नाही, पण नऊ वर्षं खिशात काडीपेटी बाळगली. बागेला आमच्यात 'माहेर' म्हणत, कारण तिथे रडायला मिळायचं. महापालिकेने बागेत मोठे पिवळे दिवे लावले आणि माळ्याने झुडपं छाटली, तेव्हा आठवड्याभरात सगळं माहेर उठून रेल्वे पुलाच्या पलीकडे गेलं. कोणी निरोप धाडला नाही, तरी सगळ्यांना नवी जागा सापडली. एखादा खाकीवाला यायचा, घरी कळवीन म्हणून दम द्यायचा, खिसे रिकामे करायचा. 'घरी' हा शब्द ऐकला की गिरणीतले धिप्पाड गडीही लटपटायचे. हेही सांगितलं.

शेवटी त्याने विचारलं, "काका, कार्यक्रमात नाव कुठलं लावू? खरं नको असेल तर दुसरं सांगा."

त्याच क्षणी दुकानाच्या पायरीवरून हाक आली, "शेठ, सांभार ठेवला वो!" सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि हाक दौलतरावांची.

"दौलतराव," मी फोनवर म्हणालो.

"काम काय लावू?"

"भाजीपाला."

"आणि गाव?"

"अनसिंग."

न बोलण्याची मला जन्माची सवय, खोटं बोलण्याची नाही. नाव बदललं, धंदा बदलला आणि तेवढ्यातच मी दमलो, गाव बदलायचं राहून गेलं. मुलाला वाटलं, तिन्ही गोष्टी बनावट असतील. त्याचा काही दोष नाही. पण अनसिंगात भाजीपाला पिकवणारे दौलतराव एकच आहेत. नाल्याकाठी त्यांचं वावर आहे, आणि गेली अठ्ठावीस वर्षं दर बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा पितात आणि माझ्याशी भांडतात. माझा मित्र म्हणावा असा गावात तो एवढा एकच माणूस.

पंधरा दिवसांनी मी वाशिमला जायला जीपमध्ये बसलो, तर मोहनसिंग ड्रायव्हर स्टिअरिंगवर फोन ठेवून खदाखदा हसत होता. फोनमधून माझंच बोलणं येत होतं, मुलाने आवाज तेवढा बदलला होता. "दिवस मावळायच्या आत जेवन करून मी त्या कठड्यावर जाऊन बसत होतो. सगळ्यात पयला मीच! एक जन जवळ आला, दिसाले असा देखना, पन तोंडाले लसनाचा असा वास, का मी जो पळालो तो खोलीवरच!" मिनिटभराचा तुकडा होता. वर चित्र काढलेलं, फेटेवाला शेतकरी, हातात वांगं, मागे समुद्र. खाली लिहिलं होतं, 'अनसिंगचे दौलतराव सांगतात.'

"पाह्यलं काय शेठ?" मोहनसिंग डोळे पुसत म्हणाला. "आपला दौलतराव! असा गप बसनारा मानूस, आन् बंबईत काय काय करून आला!"

मी वाशिमला गेलो नाही. एक काम राहिलं म्हणून उतरलो, आणि ते खोटंही नव्हतं. गोदामात जाऊन अंकितला फोन केला. तो बिचारा घाबरला, दहा वेळा माफी मागितली, नाव तिथल्या तिथे काढलं. पण तो तुकडा तोवर फोनाफोनी पुढे गेला होता.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. हे सांगायला मला लाज वाटते. 'तो मी आहे' म्हणावं तर नमन, जिनल, दुकान, मंदिरातली माणसं, सगळ्यांची तोंडं डोळ्यापुढे यायची. गप्प बसावं तर ज्याने आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नाही तो माणूस माझ्यापायी गावाच्या तोंडी. मी गप्प बसलो. बाजाराचा दिवस आला आणि दौलतराव पायरीवर आले नाहीत. पुढच्या बाजारालाही नाही. दोन्ही दिवस चहा आला आणि तसाच गार होऊन गेला. मग मला खरी भीती वाटायला लागली. गाव हसेल याची भीती एवढी नव्हती. हा माणूस आता माझ्याकडे कधीच येणार नाही, ही होती.

तर क्षमावाणीच्या सकाळी मंदिरातून निघालो आणि बाजारात न जाता सरळ नाल्याकडे चालू लागलो. वाटेत दोघातिघांनी सवयीने हात जोडले, त्यांना मी नुसती मान हलवली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दौलतराव आणि त्यांची बायको आवडाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"आले काय शेठ," दौलतराव मान वर न करता म्हणाले. "वर्साची माफी आनली काय? बसा. ओलं हाये, पोतं घ्या खाली."

मी उभाच राहिलो. हात जोडले. "दौलतराव, जानता-अजानता..." एवढं म्हणून अडकलो. तोंडात बसलेलं वाक्य, पण ते आज खोटं होतं. "अजानता नाई. जानून केलं. मोबाईलमंधी तुमचं नाव फिरून राह्यलं ना, ते मी देल्लं. ते बोलनं माह्यं हाये. सगळंच माह्यं हाये."

आवडाबाईंनी हातातली जुडी बांधून टोपलीत टाकली.

"हे सांगाले एवढ्या दूर चालत आले? आमाले ठाऊक हाये ते."

"कवापासून?"

"राधिकानं फोनवर लावलं तवाच," त्या म्हणाल्या. राधिका म्हणजे त्यांची नात. "मी म्हटलं, नाव कोनाचं बी असो, हा मानूस आपल्यावाला नाई. दिवस मावळायच्या आत जेवला म्हनते! या मानसानं जन्मात रातच्या नऊच्या आत ताटाले हात लावला नाई. आन् लसनाच्या वासानं पळाला म्हनते. याले लसनाची चटनी नसली तं भाकर उतरत नाई. मंग मी बोटावर मोजले. गावात उजेडी जेवनारे घरं तीन. त्यात बंबईले राह्यलेले तुमी एकटे."

पाऊण तास बोललो, नाव झाकलं, धंदा झाकला, आणि जेवणाची वेळ झाकायचं मला सुचलंच नाही. ती सांगण्याजोगी किंवा लपवण्याजोगी गोष्ट आहे असं कधी वाटलंच नव्हतं. बाकीचं जग दिवे लावून जेवतं हे मी रोज बघतो आणि रोज विसरतो. दौलतराव म्हणून बोलताना मी फेटा बांधला होता, पण आतला माणूस सूर्याकडे बघूनच जेवत होता.

"मंग बाजारात काहून नाई आले तुमी?" मी विचारलं. "दोन बाजार गेले."

"मिरचीवर रोग आला, फवारून राह्यलो होतो." त्यांनी जुडीची गाठ आवळली. मग म्हणाले, "खोटं कायले बोलू, राग बी आल्ता. नावाचा नाई. म्हटलं, अठ्ठावीस वर्सं पायरीवर बसून च्या पेलो, आन् या मानसानं बंबईच्या परक्या पोराले सांगितलं, मले नाई."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. "तुमी उठून जासान असं वाटलं," मी कसंबसं म्हणालो.

"मी काय लसनाचा वास हाये का, पळाले?" ते उलटंच बोलले, पण बोलून स्वतःच हसले, आणि आवडाबाईही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मग दौलतरावांनी पुढचं सांगितलं. जणू खताच्या पोत्याबद्दल सांगावं अशा आवाजात. "मोहनसिंगनं इचारलं मले, जीपवर, चार मानसांत. दौलतराव, हे तुमीच काय? मी म्हटलं, हो बाप्पा, मीच."

"काहून?" मी ओरडलोच. "काहून हो म्हटलं?"

"नाई म्हटलं असतं तं तो म्हनला असता, मंग कोन? आन् हिनं जसे बोटावर मोजले तसे त्यानं बी मोजले असते. बोटं काय हिलेच हायेत?"

मी खाली बसलो. पोतं घ्यायचं भान राहिलं नाही, ओल्या मातीतच बसलो, मंदिराचं पांढरं धोतर घालून. इतके दिवस छातीवर जे ठेवलं होतं ते एकदम उतरलं आणि मला रडू आलं. प्रेमाबाई गेली तेव्हाही मी चार लोकांत रडलो नव्हतो. दौलतरावांनी मला रडू दिलं. त्यांनी तोवर तीन जुड्या बांधल्या.

"तुमचं नाव खराब झालं," मी नाक पुसत म्हणालो.

"काय खराब झालं? चार दिवस हासले, पाचव्या दिवशी सोयाबीनच्या गोठी. उलट पोरं इज्जत देऊन राह्यले. जो मानूस अकोल्याच्या पुढं गेला नाई, त्याले लोक बंबईचे रस्ते इचारतेत."

"आन् हे सांगतेत बी!" आवडाबाई म्हणाल्या. "काल एकाले सांगितलं, समुद्र आपल्या नाल्यापेक्षा चार पट रुंद हाये."

"पन एक गोठ हाये शेठ." दौलतरावांनी हातातली मेथी खाली ठेवली. "परवा एक बाप्या आल्ता वावरात. नाव नाई सांगत तुमाले. लेकरं-बाळं असलेला. वांग्याचे रोपं पाहिजे म्हने. रोपं घेऊन बी जाईना. घंटाभर उभा. मंग हळूच इचारते, काका, तो कठडा हाये काय अजून? मी काय सांगू? म्हटलं, याद करून सांगतो, चार दिवसानं ये. तवा आता मले सगळं नीट सांगा. त्याले काही तरी सांगा लागल."

मी त्या ओल्या धुऱ्यावर बसून, दिवसाढवळ्या, दोन माणसांच्या तोंडाकडे बघत मुंबई सांगितली. गोदामात कुजबुजत सांगितली तशी नाही. कठडा आहे अजून, म्हटलं, पण आता तिथे पांढरे दिवे आहेत, कॅमेरे आहेत, लोक आइस्क्रीम खातात. बागेला संध्याकाळी कुलूप लागतं. थिएटर पाडून तिथे दुकानं झाली. आताची पोरं फोनवरच एकमेकांना शोधतात, कोणाला काडीपेटी बाळगावी लागत नाही. आणि सात वर्षांपूर्वी कोर्टाने सांगितलं की हा गुन्हा नाही. त्या दिवशी मी दुकानात बसून ती बातमी तीनदा वाचली आणि एका बाईला ब्लाउजपीस चुकीच्या रंगाचा दिला. त्या बाप्याला सांगा, म्हटलं, कठडा शोधत मुंबईला जायची गरज नाही. आणि जावंसं वाटलं तर भ्यायचंही कारण नाही. हवं तर त्याला माझ्याकडे पाठवा, रोपांऐवजी रुमाल घ्यायला.

दौलतराव मान डोलवत ऐकत होते, मध्ये मध्ये पुन्हा विचारून घेत होते, पाठ करणाऱ्या पोरासारखे. टोपली भरली तेव्हा आवडाबाईंनी हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, जागा झाल्या सगळ्या सांगून. कोनी मानूस होता काय तुमचा तिथं?"

अंकितने हे विचारलं नव्हतं. त्याला नकाशा करायचा होता. मला जन्मात कोणी हे विचारलं नव्हतं.

"होता," मी म्हणालो. "बाबूलाल. छापखान्यात खिळे जुळवत होता. सात वर्सं." ते नाव मोठ्याने घेतल्यावर मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "निंगतानी म्हटलं होतं, पत्र टाकतो. नाई टाकलं. घरी कोनाच्या हाती लागलं तं, म्हनून."

"जिवंत हाये काय?"

"माहीत नाई."

"कोनाले इचारलं नाई?"

"कोनाले इचारू बाई?"

"घ्या!" आवडाबाई चिडल्याच. "तो पोरगा जुन्या जागा धुंडून राह्यला ना? तं तिथं बसनारे मानसं बी त्यालेच ठाऊक असतीन. इचारा त्याले. आताच इचारा, घरी गेले का पुन्हा भ्यासान."

मला माझा स्वभाव माहीत आहे, त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. खिशातून फोन काढला. बोटांना माती लागली होती, नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडे घंटी वाजायला लागली तसे दौलतराव माझ्या जवळ सरकून बसले.

"शेठ," ते म्हणाले, "या खेपेले नाव खरं सांगजा."